किल्ल्या कोणाच्या कंबरेला? कोठारांच्या कारभाराचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाचा जुना मास्तर संगणकाच्या साठवणीवर काय बोलणार! पण आम्ही यंत्रांबद्दल थोडं आणि माणसांबद्दल जास्त बोलणार आहोत. प्रश्न साधा आहे. एखाद्या ठिकाणी पुष्कळांच्या मालकीचा, मोलाचा ऐवज साठवलेला असतो. धान्य असो, दारूगोळा असो, रोकड असो, नाहीतर आजच्या भाषेत डेटा असो. त्या कोठारात कोणी शिरायचं, कोणी माल काढायचा, कोणी नोंद करायची आणि या सगळ्यांवर नजर कोणी ठेवायची? संगणकवाले याला ॲडमिनच्या अधिकारांच्या पातळ्या ठरवणं म्हणतात. हे काम मात्र संगणकापेक्षा फार जुनं आहे. त्याचा एक ठळक धडा या नामपूरच्या परिसरात, आपल्या बागलाणातच घडला आहे.

आधी एक भेद नीट समजून घेऊ. आपल्या भागातला शेतकरी शेतमाल तारण योजनेत सोयाबीन किंवा मका बाजार समितीच्या गोदामात ठेवतो आणि त्यावर कर्ज उचलतो. आता बघा, माल कोणाचा? शेतकऱ्याचा. ताबा कोणाचा? गोदामवाल्याचा. नोंद कोणाकडे? पावती आणि वहीत. आणि माल सोडण्याचा हुकूम? कर्ज फिटल्याशिवाय तो निघत नाही. मालकी, ताबा, नोंद आणि सोडण्याचा अधिकार या चार गोष्टी चार वेगळ्या ठिकाणी आहेत, म्हणून तो व्यवहार उभा राहतो. समजा, गोदामाची किल्ली, पावतीपुस्तक आणि शिक्का एकाच माणसाकडे आहे. तो माणूस देवमाणूस असला, तरी शेतकरी शांत झोपेल का? झोपणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असं आम्हाला वाटत नाही.

आता मोसम नदीच्या उगमाकडे वळू. ज्या डोंगरांतून ही नदी खाली येते, तिथे साल्हेर आणि मुल्हेर हे दोन किल्ले उभे आहेत. साल्हेर 1567 मीटर उंच आहे, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारी वाट या बागलाणातून जायची, म्हणून या किल्ल्यांना मोल. 1638 मध्ये मोगलांनी बागलाण घेतलं. 1670 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि परतीची वाट याच मुलखातून धरली. लगेच 1671 च्या सुरुवातीला साल्हेर मराठ्यांच्या हाती आला.

किल्ला म्हणजे काय? आपल्या डोळ्यांसमोर तट, बुरूज, तोफा येतात. पण कारभाराच्या दृष्टीने किल्ला म्हणजे डोंगरावरचं कोठार. वेढा पडला की लढाई जितकी तलवारीवर, तितकीच धान्यावर, पाण्यावर आणि दारूवर चालते. पन्हाळ्यावर गंगा, यमुना, सरस्वती ही प्रचंड धान्यकोठारं आजही बघायला मिळतात. आणि स्वराज्यात असे किल्ले एक-दोन नव्हते, शेकड्यांनी होते, एकमेकांना आधार देणारे. म्हणजे हे कोठारांचं जाळंच होतं म्हणा ना.

या जाळ्याचा कारभार कसा चाले, हे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत दिसतं. ही बखर 1690 च्या दशकात, राजाराम महाराज जिंजीला असताना लिहिली गेली. तिच्यातून कळतं, की किल्ला एका माणसाच्या हवाली केलेला नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे एका दर्जाचे अधिकारी नेमलेले असत, आणि तिघांनी मिळून कारभार करायचा असे. शिवाय कारखानीस असे. हवालदाराकडे किल्ल्या. संध्याकाळी दरवाजे बंद करणं आणि सकाळी उघडणं त्याच्या देखरेखीखाली. सरनोबताकडे शिबंदी, म्हणजे गडावरचे लढणारे लोक. सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब. कारखानिसाकडे अंबारखाना: धान्य, सामान किती आलं, किती खर्ची पडलं, याची जमाखर्ची नोंद. तट मोठा असला तर त्याचे भाग पाडून प्रत्येक भागावर वेगळा तटसरनोबत.

यात खुबी कुठे आहे, ती पाहा. ज्याच्याकडे किल्ली, त्याच्याकडे वही नाही. ज्याच्याकडे वही, त्याच्याकडे फौज नाही. ज्याच्याकडे फौज, तो कोठाराचा धनी नाही. कोणी एकटा फितला तर किल्ला देऊ शकू नये, हा हेतू बखरकार लपवत नाही. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे. हे तिघे एकमेकांचे वरिष्ठ-कनिष्ठ नाहीत. वरिष्ठाने दटावलं की कनिष्ठ वही बदलतो, हा जगाचा अनुभव आहे. म्हणून नोंद ठेवणारा किल्लीवाल्याच्या हाताखाली ठेवलेला नाही.

पुढे सुमारे 1715 मध्ये रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यातला किल्ल्यांचा भाग आजच्या एखाद्या डेटा सेंटरच्या प्रमुखाने जरूर वाचावा. दारूचं कोठार घरांच्या जवळ नसावं. तिथे रात्रंदिवस जागती राखण असावी. परवानगीशिवाय माणूस आसपास फिरकू नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढवून ऊन द्यावं आणि पुन्हा मुद्रा करून, म्हणजे सील करून ठेवावं. या नियमांत चार वेगळ्या कल्पना आहेत. एक, धोक्याची वस्तू इतरांपासून वेगळी ठेवणं. दोन, परवानगीशिवाय प्रवेश नाही. तीन, साठवलेली वस्तू अजून कामाची आहे का, हे ठरावीक काळाने उघडून तपासणं. आणि चार, तपासून झाल्यावर सील लावणं, म्हणजे मधल्या काळात कोणी हात लावला तर कळावं. ओली झालेली दारू आणि कधीच परत लावून न पाहिलेला बॅकअप यांत फरक काय? दोन्ही कोठारात आहेत असं आपण समजतो, आणि वेळेला दोन्ही दगा देतात.

एवढी चोख रचना असताना साल्हेरचं काय झालं? 1672 मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मोठी लढाई झाली. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगल फौजेचा मोकळ्या मैदानात पराभव केला. सूर्यराव काकडे या लढाईत पडले. वेढा उठला, किल्ला राहिला. पुढे 1687 मध्ये तोच साल्हेर मोगलांच्या हाती गेला. या वेळी लढाई झाली नाही. मुल्हेरला मोगलांचा किल्लेदार होता नेकनामखान. त्याने साल्हेरचा किल्लेदार असोजी याला आमिष दाखवून वश केलं आणि किल्ला मिळवला. आपल्याच जिल्ह्यात दिंडोरीजवळ रामसेज आहे. तो 1682 पासून वर्षानुवर्षं मोगलांना दाद देत नव्हता. शेवटी तोही गेला, तो फितुरीनेच.

म्हणजे अधिकार वाटून देण्याची ती सगळी व्यवस्था फसली का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. आमचं उत्तर असं आहे. वाटणीने फितुरी अवघड होते, अशक्य होत नाही. एकाला विकत घेण्याऐवजी तिघांना विकत घ्यावं लागतं, किंवा एकाने बाकीच्यांना दाबावं लागतं. त्यासाठी वेळ लागतो, बोलणी लागतात, आणि त्या वेळात कोणाच्या तरी नजरेला काही पडण्याची शक्यता असते. पण नजरेला पडलेलं पोचवायचं कोणाला? वर कोणीतरी ऐकणारं लागतं. औरंगजेब दक्षिणेत उतरल्यावर राज्य सगळ्या बाजूंनी ओढलं जात होतं. मध्यवर्ती सत्ता धापा टाकत असली की दूरच्या गडावरचे नियम तसेच राहतात, त्यांच्यामागचं लक्ष मात्र जातं. आज्ञापत्रात गडावरच्या अधिकाऱ्यांच्या ठरावीक वर्षांनी बदल्या कराव्यात असं आहे, ते उगीच नाही. वाटणी, बदली आणि तपासणी हे तीन पाय आहेत. एक काढला तर तिवई उभी राहत नाही.

इंग्रजी अमदानीत हेच तत्त्व खजिन्यात आलं. सरकारी कोषागारात मुद्रांक आणि मोलाचा ऐवज डबल लॉकमध्ये ठेवायची रीत पडली. दोन कुलुपं, दोन वेगळ्या किल्ल्या, एक कोषागार अधिकाऱ्याकडे आणि एक खजिनदाराकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. बँकेच्या तिजोरीचंही तसंच. आपल्यापैकी जे बँकेत नोकरीला होते, त्यांना संयुक्त ताबा हा शब्द नवा नाही. एक किल्लीवाला रजेवर जाताना किल्ली सही करून देतो, आणि ती दुसऱ्या किल्लीवाल्याकडे जाऊ नये याची काळजी घेतात. तसं झालं, तर दोन कुलुपं लोखंडाला राहतात, व्यवहारात एकच.

आता संगणकाकडे येऊ. 1960 च्या दशकात अमेरिकेत एमआयटी या संस्थेत एक मोठा संगणक पुष्कळ जण एकाच वेळी वापरू लागले. प्रत्येकाला पासवर्ड दिला. सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये होते. 1966 मध्ये एके दिवशी कोणीही संगणकावर आलं, की स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. कारण? दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत होते. एक स्वागताचा निरोप दुरुस्त करत होता, दुसरा पासवर्डची फाइल. संपादनाचा प्रोग्राम लिहिताना गृहीत धरलं होतं, की एका खोलीत एका वेळी एकच जण असणार. दोघांच्या कच्च्या प्रती एकाच नावाने साठल्या आणि अदलाबदल झाली. फितूर कोणी नव्हतं. पण कारभाऱ्याची खोली एकाच माणसासाठी बांधली होती.

मग 1969 नंतर बेल लॅबमध्ये युनिक्स आलं. त्यात रूट नावाचा एक वापरकर्ता असतो. रूटला सगळं माफ. वाचा, बदला, पुसा, दुसऱ्याचं नाव लावा. बाकीच्यांना बंधनं. म्हणजे किल्ला एकाच हवालदाराच्या हाती, सबनीस नाही आणि कारखानीसही नाही. रचना सोपी होती, लहान जागेत चालून गेली, आणि तीच सवय जगभर पसरली. 1975 मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन अभ्यासकांनी माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला आणि काही तत्त्वं मांडली. त्यातली दोन आपल्या कामाची. पहिलं, प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार, त्याहून जास्त नाही. दुसरं, महत्त्वाचं दार दोन किल्ल्यांशिवाय उघडू नये. त्यांनी उदाहरण दिलं ते बँकेच्या लॉकरचं. सभासदाची बखर त्यांनी वाचली असण्याचं कारण नाही. वेगळ्या काळात, वेगळ्या देशांत माणसं एकाच उत्तरावर येतात, तेव्हा ते उत्तर माणसाच्या स्वभावातून आलेलं असतं. 1992 मध्ये फेराइओलो आणि कुन यांनी पुढचं पाऊल टाकलं: अधिकार माणसाला न देता भूमिकेला द्या. अमुक व्यक्तीला नको, कारखानिसाला द्या. माणूस बदलला की भूमिका काढून घ्या, किल्ली आपोआप परत येते.

आणि आता आपल्या विषयाचं नाव घेऊ: स्टोरेज नेटवर्क. बँक, रुग्णालय, महापालिका, विद्यापीठ यांच्याकडे पुष्कळ सर्व्हर असतात. प्रत्येकाच्या पोटात वेगळी डिस्क ठेवण्याऐवजी साठवण एकत्र करतात, आणि वेगवान जाळ्याने सर्व्हर तिथे जोडतात. 1990 च्या दशकात फायबर चॅनल नावाचं तंत्र आलं आणि ही पद्धत रुळली. सोय फार मोठी. पण धोकाही समजून घ्या. पूर्वी एक डिस्क गेली तर एक खातं बसायचं. आता सगळं धान्य एका अंबारखान्यात आहे.

म्हणून या जाळ्यात भिंती घालतात. झोनिंग म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणत्या साठवणीपर्यंत वाट आहे, हे जाळ्यातच ठरवणं. तटाचे भाग पाडून वेगळे तटसरनोबत नेमण्यासारखं. लन मास्किंग म्हणजे साठवणीच्या यंत्रानेच ठरवणं, की या सर्व्हरला एवढीच कोठडी दिसेल, बाकीच्या आहेत हेही कळणार नाही. पण या भिंती उभारणारा आणि पाडणारा कोण? ॲडमिन. म्हणून त्याच्याही पातळ्या करतात. एकाला फक्त पाहता येतं, काही बदलता येत नाही. एक जण रोजची कामं करतो, नवी जागा देतो, पण पुसू शकत नाही. एकाकडे जाळ्याच्या वाटा. एकाकडे बॅकअप. एकाकडे नवी खाती उघडणं आणि अधिकार देणं, पण त्याला डेटाला हात लावता येत नाही. आणि शेवटचा लेखापरीक्षक: तो कोणी काय केलं याची नोंद वाचतो, आणि ती नोंद इतर कोणालाही, अगदी सर्वांत वरच्या ॲडमिनलाही, पुसता येत नाही. हा शेवटचा माणूस म्हणजे आपला सबनीस. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल 2022 मध्ये निर्देश काढले, की अशा नोंदी 180 दिवस जपून ठेवाव्यात. वही ठेवा, आणि फाडू नका, एवढाच त्याचा अर्थ.

हे न केल्याने काय होतं? तीन प्रसंग सांगतो. 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सरकारी नेटवर्कचे वरचे पासवर्ड एकाच अभियंत्याकडे होते. वरिष्ठांशी बिनसलं आणि त्याने ते द्यायला नकार दिला. तो तुरुंगात गेला, तरी शहराला आपल्याच जाळ्यात शिरता येईना. शेवटी महापौर स्वतः तुरुंगात जाऊन पासवर्ड घेऊन आले. दुसरा प्रसंग, 2014. कोड स्पेसेस नावाची कंपनी लोकांचे प्रोग्राम सांभाळून ठेवत असे. हल्लेखोराने तिच्या नियंत्रणाच्या खात्यात प्रवेश मिळवून खंडणी मागितली. कंपनीने त्याला बाहेर काढायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने डेटा पुसला, आणि बॅकअपही पुसले, कारण दोन्ही एकाच दारामागे होते. कंपनी बंद पडली. प्रती काढून ठेवल्या होत्या हो, पण ज्या किल्लीने कोठार उघडतं, त्याच किल्लीने राखीव कोठारही उघडत होतं.

तिसरा प्रसंग आपल्या मुंबईतला. फेब्रुवारी 2018 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतला हजारो कोटींचा गैरव्यवहार जाहीर झाला. परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट यंत्रणेतून गेले, पण त्यांची नोंद बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत झालीच नाही. दोन यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. आता सभासदाच्या भाषेत सांगा काय झालं? हवालदाराने दरवाजा उघडला आणि कारखानिसाच्या वहीत माल गेल्याचं चढलंच नाही. पुढे रिझर्व्ह बँकेने बँकांना मुदत घालून दिली, की या दोन यंत्रणा जोडा. किल्ली आणि वही यांची गाठ पुन्हा बांधली गेली, पण किंमत मोजून.

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा. पुष्कळ लोक विचारतात, अहो सर, माणसावर विश्वास ठेवायचा की नाही? आमचा ॲडमिन पंधरा वर्षांचा जुना, घरचा माणूस. त्याला म्हणायचं, तुझ्यावर नोंदवही लावतो? हा त्याचा अपमान नाही का? आम्हाला वाटतं, इथे गफलत होते. विश्वास ही माणसामाणसांतली गोष्ट आहे, आणि व्यवस्था ही पदाशी बोलणारी गोष्ट आहे. नियम पदावर बसतो, व्यक्तीवर बसत नाही. उद्या तो जुना माणूस निवृत्त होईल, आजारी पडेल, त्याचा पासवर्ड चोरीला जाईल. त्याच्या नावाने दुसरा कोणी शिरला, तर निर्दोष असल्याचा पुरावा तो आणणार कुठून? सगळ्या किल्ल्या ज्याच्याकडे, त्याच्यावर सगळ्या चोऱ्यांचा संशय. किल्ल्या वाटून देणं म्हणजे प्रामाणिक माणसाला संशयातून सोडवणं. आमच्या मते हा त्याचा सन्मानच आहे.

कौटिल्यानेही सरकारी धन लाटण्याचे 40 प्रकार अर्थशास्त्रात मोजून दिले आहेत. म्हणून त्याने कोष बंद करा असं सांगितलं नाही. अधिकारी नेमा, हिशेब घ्या, बदला, तपासा, असंच सांगितलं.

दुसरी शंका व्यवहाराची. मध्यरात्री यंत्र बंद पडलं, रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू आहे, आणि दुसऱ्या किल्लीवाल्याचा फोन लागत नाही. मग काय? शंका खरी आहे. कडक नियमांनी जीव जात असेल, तर तो नियम चुकीचा. म्हणून जाणती माणसं आपत्कालीन किल्ली ठेवतात: सर्वाधिकाराचा पासवर्ड लखोट्यात, लखोटा सीलबंद, तिजोरीत. लागला तर फोडा. पण फोडला की सगळ्यांना कळलं पाहिजे, कारण लिहिलं पाहिजे, आणि काम झालं की पासवर्ड बदलून नवं सील लावलं पाहिजे. आज्ञापत्रातली ती मुद्रा इथे पुन्हा भेटते. दार कधीच उघडू नये हा तिचा हेतू नाही. दार उघडलं होतं, ही गोष्ट लपू नये, हा आहे.

तिसरी शंका पैशाची. लहान पतसंस्था, शाळा, बाजार समिती, तिथे संगणकाचा माणूस एकच. तीन कुठून आणायचे? तीन पगार नकोत. तीन हात पुरे. संगणकाचा माणूस कारभार करील. नोंद दर महिन्याला संचालक मंडळातला कोणी तरी वाचील. बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडून सचिवाच्या कुलपात राहील आणि वर्षातून दोनदा ती उघडून चालते का ते बघितलं जाईल. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद होईल. सगळ्यांनी मिळून एकच ॲडमिन नावाचं खातं वापरायचं नाही. कारण ज्या वहीत दर ओळीपुढे एकच नाव, ती वही काहीच सांगत नाही.

शेवटी एवढंच. 1672 मध्ये साल्हेर बाहेरच्या फौजेला मिळाला नाही आणि 1687 मध्ये आतून मिळाला. आज आपण बाहेरच्या हल्ल्यासाठी तट उंच करत बसतो, त्यावर पैसा खर्च करतो, आणि ते करायलाच हवं. पण त्यानंतर थोडा वेळ काढून आपल्या संस्थेत एक यादी करा. किल्ल्या किती, कोणाकडे, कधीपासून, आणि त्यांची वही कोण वाचतं? यादीतल्या चारही रकान्यांत एकच नाव आलं, तर तो माणूस कितीही चांगला असो, त्याच्याशी आदराने बोला आणि त्याचं ओझं वाटून घ्या.